नासी लमाक खायला जाण्यापूर्वी

क्वालालंपूरला नवीन आलेला मराठी माणूस पहिल्या रविवारी डोसा शोधत ब्रिकफील्ड्स ही भारतीय वस्ती गाठतो. जा की, मीही गेलो होतो. पण त्याआधी एखाद्या दिवशी सकाळी आठच्या आत घराजवळच्या मलय टपरीवर नासी लमाक खाऊन या. चार प्लॅस्टिकची टेबलं, भाताचं मोठं पातेलं, शेजारी लालभडक सांबल आणि केळीच्या पानात बांधलेल्या पुड्यांची रास, एवढाच तिथला थाट. साधी पुडी दोन-तीन रिंगिटला मिळते.

नासी म्हणजे भात आणि लमाक म्हणजे स्निग्ध. तांदूळ नारळाच्या दुधात शिजतो, त्यात पंदानची पानं गाठ मारून टाकतात. पंदान म्हणजे आपल्या केवड्याचा भाऊबंद, पातेल्याचं झाकण उघडलं की वासावरून कळतंच. आपला नारळीभात मात्र डोक्यातून काढून टाका. इथे गूळ नाही, वेलची नाही, भात मिठाचा. सोबत काकडीचे काप, शेंगदाणे, उकडलेलं अर्धं अंडं आणि इकान बिलिस, म्हणजे सुकवून कुरकुरीत तळलेले बोटाएवढे मासे.

टपरीची खरी परीक्षा सांबलात. वाटलेली मिरची नि कांदा तेल सुटेपर्यंत परततात, चिंच आणि साखर घालतात. पहिला घास गोडसर लागतो. कोल्हापूरकरांनी एवढ्यात हसू नये, तिखट मागून येतं.

शाकाहारी असाल तर नीट ऐका. नुसते मासे बाजूला काढून भागत नाही, कारण सांबलात बलाचान असतं. बलाचान म्हणजे जवळा मिठात आंबवून, कुटून, वाळवून केलेली वडी. ज्यांच्या घरी जवळ्याची चटणी होते त्यांना हा वास थेट माहेरचा वाटेल. बाकीच्यांनी चिनी शाकाहारी दुकानात जावं, तिथे बिनमाशाचा नासी लमाक बऱ्याचदा मिळतो. नको असलेल्या गोष्टीला 'ताक नाक' म्हणायचं. ताक आणि नाक, मराठी माणूस हे विसरणं शक्य नाही.

वर घ्यायच्या पदार्थांत माझी फसगत झाली होती. दागिंग म्हणजे मांस असं शब्दकोशात वाचलं आणि रेंदांग दागिंग, म्हणजे नारळाच्या दुधात मसाल्यासह आटवलेलं मांस, मटण समजून मागवलं. टपरीवर नुसतं दागिंग म्हटलं की ते बहुतेक वेळा गोमांसच असतं. कोंबडी हवी तर 'आयाम', मटण हवं तर 'काम्बिंग'. आणि 'पारु' ही गावाकडची कुणी पारू नव्हे, ते तळलेलं फुप्फुस, तेही बहुधा गाईचं. दिसतं अगदी कुरडईसारखं, म्हणून सांगून ठेवतो.

वाढणाऱ्या बाईंना 'माकचिक' म्हणा, म्हणजे मावशी. वयाने तरुण असेल तर 'काक', म्हणजे ताई. काकाशी त्याचा काही संबंध नाही! पदार्थ दाखवताना तर्जनी रोखू नका, मूठ मिटून अंगठ्याने दाखवायची इथली रीत आहे. हाताने खायला कुणी नावं ठेवत नाही, मात्र उजव्याच. चहा नुसता 'तेह' मागितलात तर कन्डेन्स्ड मिल्क घातलेला येतो. बिनदुधाचा 'तेह ओ', साखरही नको तर 'तेह ओ कोसोंग'. खाऊन झाल्यावर 'किरा' म्हटलं की ताटाकडे एक नजर टाकून हिशेब सांगतात.

शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी बरीच मलय दुकानं बंद असतात. रमजानमध्ये दिवसा तर चूल थंडच. उपवासाला इथे 'पुआसा' म्हणतात, शब्द मुळात आपल्या उपवासाचाच. त्या महिन्यात दुपारनंतर भरणाऱ्या बाजारात जा, पण रस्त्यात खात फिरू नका.

थोडी सवय झाली की एका संध्याकाळी कांपुंग बारूला जा. पेट्रोनासच्या जुळ्या मनोऱ्यांजवळच्या केएलसीसी स्टेशनहून एलआरटीने, म्हणजे शहरी रेल्वेने, एकच स्टेशन. 88 मजली जुळ्या मनोऱ्यांच्या पायथ्याशी जुनी मलय वस्ती टिकून आहे आणि तिथे नासी लमाक रात्रीही खातात. निवड एवढी असते की पहिल्यांदा गोंधळायला होतं.

रोजची टपरी मात्र घराजवळचीच धरा. चौथ्या-पाचव्या खेपेला माकचिक विचारेल, "ब्यासा?" नेहमीचंच का, असं. मान डोलवा आणि शेंगदाणे थोडे जास्त मागा, देते ती.