मैत्रीचं जाळं लॉजिकमध्ये मांडताय? या चुका टाळा

सांगलीत माझ्याकडं प्रोजेक्टला येणारी पोरं दरवेळी एकाच ठिकाणी अडकतात. ओळखीतून सोशल नेटवर्क कसं वाढतं ते लॉजिकच्या नियमांत लिहायचं असतं, आणि पहिल्याच पानावर लिहून मोकळी होतात की अ चा मित्र ब, ब चा मित्र क, म्हणजे अ चा मित्र क. हा नियम ठेवला आणि मैत्री दोन्हीकडून धरली की कुठल्याही साखळीनं जोडलेले सगळे थेट मित्र होतात, सांगली-मिरज-कुपवाड सगळा एकच घोळका, मग मॉडेल करायला उरलं काय?

आवडी जुळल्या की मैत्री, असा नियम घेतला तरी पोरं तीच चूक करतात, जुळणं पुढं सरकतं असं धरतात. समजा निदान दोन आवडी जुळायला पाहिजेत. सांगलीवाडीच्या पैलवानाला कुस्ती आणि नाटक, मिरजेच्या सतारमेकरला गाणं आणि भजन, विश्रामबागेतल्या एकाला चारही. त्याचं दोघांशी जमतं पण त्या दोघांत एकही आवड कॉमन नाही. सारखेपणा दोन्हीकडून लागू होतो, पुढं सरकतोच असं नाही. कुठलाही नियम लिहिला की आधी अशी तीन माणसं कागदावर काढून तपासा, खरंच सांगतो, निम्म्या चुका तिथंच सापडतात.

फेऱ्यांची चूक मात्र पटकन दिसत नाही. फेरी म्हणजे सगळ्या जोड्यांवर नियम एकदा लावून बघणं. आवडी जुळल्या तरी ओळख करून द्यायला मधे कॉमन मित्र पाहिजे अशी अट घाला आणि चौघं रांगेत धरा, अ-ब, ब-क, क-ड ओळख आहे, आवडी सगळ्यांच्या जुळतात. पहिल्या फेरीत अ-क आणि ब-ड जोडले जातात, अ-ड दुसऱ्या फेरीत. पण कोडमध्ये जोडी सापडली की लगेच यादीत टाकत गेलात तर अ-क नुकतंच आल्यामुळं अ-ड पण त्याच फेरीत घुसतं. शेवटचं चित्र तेच येतं म्हणून कुणाला कळत नाही, फेऱ्यांचा आकडा चुकलेला असतो. आणि माणसं चारापेक्षा जास्त असली आणि ‘एकाला तीनच मित्र’ अशी मर्यादा असली तर चित्र पण बदलू शकतं, कुठली जोडी आधी तपासली त्यावर. म्हणून फेरीच्या सुरुवातीला नात्यांची कॉपी काढा, नियम त्या कॉपीवरच तपासा, नवी नाती शेवटी एकदम टाका. मर्यादा असेल तर जादा जोड्यांतली कुठली घ्यायची याचा नियम वेगळा लिहायलाच लागतो.

गणपती मंडळांची दोस्ती-दुश्मनी घेणाऱ्यांनी एक बघा. तीन मंडळांच्या प्रत्येक त्रिकोणात वैराची रेषा एकही नको नाहीतर दोनच, हा संतुलनाचा नियम लावला आणि प्रत्येकाचं प्रत्येकाशी नातं ठरलेलं असलं की जास्तीत जास्त दोन गट उरतात, हे मानसशास्त्रज्ञ कार्टराइट आणि गणितज्ञ हरारी यांनी १९५६ मध्येच सिद्ध केलंय. तिरंगी भांडण यात बसतच नाही, त्यासाठी समाजशास्त्रज्ञ डेव्हिसची १९६७ ची सैल अट घ्या, ती तिघांच्या आपसातल्या वैराला चालवून घेते.

आणि ‘कितीही हातांतून का होईना ओळख पोचते’ हे साध्या फर्स्ट ऑर्डर लॉजिकच्या, म्हणजे ज्यात ‘प्रत्येक माणूस’ नाहीतर ‘कुणीतरी माणूस’ एवढंच म्हणता येतं त्याच्या, एका सूत्रात लिहिता येत नाही. तीन हातांतून लिहिता येतं, दहा हातांतून पण येतं, कितीही हातांतून नाही. पोरं सूत्र लांबवत बसतात, लांबवून ते जमणारच नाही, ट्रान्झिटिव्ह क्लोजरचा, म्हणजे साखळीनं पोचता येणाऱ्या सगळ्या जोड्या देणारा, ऑपरेटर वेगळा घ्यायला लागतो.