अभिक्रियाशीलता श्रेणी पाठ आहे, तरी उत्तर चुकतं? या चुका टाळा

“सर, मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात खिळा टाकला, काहीच झालं नाही.” दहावीच्या वर्गात हे मी दरवर्षी ऐकतो. अभिक्रियाशीलता श्रेणी म्हणजे जास्त अभिक्रियाशील धातू वर आणि कमी अभिक्रियाशील खाली अशी क्रमवारी; वरचा धातू खालच्याला त्याच्या क्षाराच्या द्रावणातून विस्थापित करतो, म्हणजे त्याची जागा घेतो. या श्रेणीत लोखंड तांब्याच्या वर आहे, हे त्या मुलांना पक्कं ठाऊक असतं. अडतं ते खिळ्याच्या पृष्ठभागावर. त्यावर तेल किंवा गंज असेल तर द्रावण लोखंडापर्यंत नीट पोचतच नाही. पॉलिशपेपरने चकचकीत घासा, दोऱ्याने द्रावणात सोडा, वीसेक मिनिटं थांबा. खिळ्यावर तांबूस थर बसतो, निळा रंग फिकट होत हिरवट दिसू लागतो. समीकरणात फेरस सल्फेट लिहा. फेरिक लिहिलं की गुण गेले. आणि जस्त चढवलेला खिळा घेऊ नका, कारण मग अभिक्रिया जस्ताची होते.

सगळ्यात जास्त गोंधळ अॅल्युमिनिअमचा. श्रेणीत ते लोखंडाच्याही वर, पण पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा तुकडा त्याच द्रावणात टाकला तर बराच वेळ तसाच पडून राहतो. मुलं लगेच श्रेणीवर शंका घेतात. खरं कारण म्हणजे त्यावरचा ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर. आता चिमूटभर मीठ घाला. मिठातले क्लोराइड आयन तो थर भेदतात आणि काही मिनिटांत बुडबुडे येतात, नळी गरम होते, फॉइलला भोकं पडून तांबूस चुरा साचतो. हा प्रयोग एकदा तरी दाखवाच, मात्र शिक्षकांसमोर आणि प्रयोगशाळेच्याच भांड्यात. मोरचूद विषारी आहे.

सोडिअम सगळ्यांत वरच्या धातूंपैकी, म्हणून ‘सोडिअम द्रावणातलं तांबं विस्थापित करेल’ असं लिहिणं ही मोठी चूक. सोडिअम आधी पाण्याशीच जोरात अभिक्रिया करतं. त्यातून झालेल्या सोडिअम हायड्रॉक्साइडमुळे कॉपर हायड्रॉक्साइडचा निळा साका मिळतो. हे प्रत्यक्ष कधीही करून पाहू नका, स्फोट होऊ शकतो.

तांबं हायड्रोजनच्या खाली आहे, म्हणजे कुठल्याच आम्लाशी अभिक्रिया करत नाही, हाही गैरसमज. विरल हायड्रोक्लोरिक आम्लातून ते हायड्रोजन मुक्त करत नाही, श्रेणी एवढंच सांगते. नायट्रिक आम्ल तांब्याचं ऑक्सिडीकरण करतं. संहत आम्लात तांबं विरघळतं आणि बाहेर पडतो तो हायड्रोजन नसून तपकिरी, विषारी नायट्रोजन डायऑक्साइड असतो.