धर्म आणि औद्योगिक हेरगिरी: ही ऑडिओबुकं ऐकायची कशी?

जागतिक धर्मांवरचं आणि औद्योगिक हेरगिरीवरचं पुस्तक एकाच वेगाने ऐकू नका. धर्माच्या पुस्तकात एक संकल्पना दुसरीवर उभी असते. तिथे वेग १ ठेवा, फार तर १.१. हेरगिरीत घटना पुढे सरकत असतात, तिथे १.२५ सहज झेपतो आणि दहा तासांचं पुस्तक आठ तासांत होतं. १.५च्या पुढे गेलात की आधी नावं निसटतात, मग सनावळी.

घेण्याआधी आवृत्ती संपूर्ण आहे ना, ते बघा. संक्षिप्त आवृत्तीत गोष्ट उरते, पुरावा गळतो. नमुन्याची पाच मिनिटं ऐका आणि परकी नावं कानाला वेगवेगळी कळतात का, ते तपासा. तळटीपा बहुतेक निवेदक वाचत नाहीत. नकाशे आणि संदर्भांची पीडीएफ सोबत असेल तर ती आधीच उतरवून घ्या. लिब्रिवॉक्स या संकेतस्थळावर जुनी, कॉपीराइट संपलेली पुस्तकं फुकट मिळतात, पण वाचणारे स्वयंसेवक असतात आणि काही पुस्तकांत प्रकरणागणिक आवाज बदलतो. धर्मांवरची शंभर वर्षांपूर्वीची पुस्तकं ऐकताना त्या काळचे पूर्वग्रहही कानात येतात, याचं भान हवं.

आता खरं काम: वही. प्रत्येक प्रकरणानंतर चारच गोष्टी लिहा: कोण, कुठे, कोणत्या साली, आणि हे लेखकाला कशावरून कळलं. चौथा रकाना सोडू नका. हे दोन विषय जिथे भेटतात तिथे त्याचा उपयोग कळतो. फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशक द'आंत्रकोल यांनी चीनमधल्या जिंगदेझेनच्या चिनी मातीच्या भट्ट्यांची माहिती १७१२ आणि १७२२च्या पत्रांतून युरोपला पाठवली. ख्रिस्ती झालेले कारागीर त्यांचे खबरे होते. या पत्रांमुळेच युरोपला पोर्सिलेन, म्हणजे चिनी माती, जमलं, असं कुणी ठासून सांगितलं, तर वहीतली सालं बघा. जर्मनीत माइसेनचा कारखाना १७१०मध्येच सुरू झाला होता. पत्रांचं मोल त्याने कमी होत नाही, पण दावा अर्धाच उरतो.

रेशमाचंही तसंच. सहाव्या शतकात रेशीमकिड्यांची अंडी कॉन्स्टँटिनोपलला (आजच्या इस्तंबूलला) पोहोचली. त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस सांगतो, ती साधूंनी आणली. दुसरा इतिहासकार थिओफेनिस म्हणतो, एका इराणी माणसाने काठीत लपवून आणली. दोन्ही एकत्र करून ‘साधूंची पोकळ काठी’ ऐकवली जाते. ऐकताना हे जोडकाम पटकन लक्षात येत नाही, कारण निवेदकाचा आवाज सगळीकडे सारखाच ठाम असतो.

धर्मांच्या पुस्तकात क्रम मोडायला हरकत नाही: ज्यू धर्म, मग ख्रिस्ती, मग इस्लाम असे सलग ऐका, बौद्ध आणि जैन शेजारी ठेवा. प्रत्येक धर्मानंतर एक दिवस थांबा, नाहीतर व्रतं आणि ग्रंथ एकमेकांत मिसळतात. हेरगिरीचं पुस्तक मात्र क्रमानेच ऐका.

लोकलमध्ये किंवा चालताना हेरगिरी चालते, फक्त फाइल आधीच डाउनलोड करा आणि रस्त्यावर एक कान मोकळा ठेवा. धर्मतत्त्वांसाठी बसूनच ऐका. वाक्य निसटलं तर ३० सेकंद मागे जा. दोनदा मागे जाऊनही कळलं नाही, तर तिथे खूण करून पुढे जा आणि संध्याकाळी छापील पान किंवा पीडीएफ उघडा. झोपताना ऐकत असाल तर टायमर प्रकरणाच्या शेवटावर न लावता १५ मिनिटांवर लावा, म्हणजे सकाळी शोधायला फार मागे जावं लागत नाही.