वेबमध्ये भोक पाडण्याआधी

स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये नवे आलात की हा प्रश्न लवकरच टेबलावर येतो: एसीचा डक्ट पोलादी I-बीमच्या वेबमधून, म्हणजे मधल्या उभ्या पत्र्यातून, न्यायचाय, चालेल का? नवखा माणूस लगेच सेक्शन मॉड्युलस, म्हणजे वाकण्याला छेद किती तोंड देतो याचं माप, काढतो. तो फारसा घटत नाही, कारण बेंडिंगचा (वाकण्याचा) भार मुख्यतः फ्लेंज, म्हणजे वरचे-खालचे आडवे पत्रे, उचलतात. मग ‘चालेल’ म्हणून उत्तर जातं. गणितं तपासताना माझी पहिली लाल खूण इथेच पडते.

वेबचं खरं काम शिअर, म्हणजे बीमला उभं कापू पाहणारं बल, नेणं. भोक पडलं की तो शिअर वर-खाली उरलेल्या T आकाराच्या दोन भागांमधून, म्हणजे टींमधून, जातो आणि त्या टी स्वतःच वाकायला लागतात. यालाच व्हिरेंडील बेंडिंग म्हणतात. समजा, भोकापाशी शिअर 100 किलोन्यूटन आहे, दोन्ही टी सारख्या आहेत आणि भोक 600 मिमी लांब आहे. प्रत्येक टीला 50 किलोन्यूटन, म्हणजे निम्म्या लांबीने गुणून प्रत्येक कोपऱ्यापाशी 50 × 0.3 = 15 किलोन्यूटन-मीटर मोमेंट (वाकवणारा जोर). लांबी निम्मी केली की 7.5. म्हणून डक्टवाल्यांशी घासाघीस करायचीच तर आधी लांबीवर करा. गोल भोक पदरात पडलं तर फारच छान. आणि जागा आधारापासून लांब, शिअर कमी असेल तिथली मागा.

तरीही भागत नसेल तर भोकाच्या वर आणि खाली आडव्या पट्ट्या वेल्ड करायच्या. त्या भोकाच्या दोन्ही टोकांपुढे पुरेशा लांब न्याव्या लागतात, नाहीतर पट्टीत बल शिरणार कुठून? बाजूचे उभे स्टिफनर (ताठपणा देणाऱ्या पट्ट्या) वेबचं बकलिंग, म्हणजे दाबाखाली बाजूला फुगणं, रोखतात. व्हिरेंडीलला त्यांचा उपयोग जवळपास नाही. ड्रॉइंगवर मात्र तेच जास्त दिसतात!

चौकोनी भोकाचे कोपरे गोलसर हवेत. आधी चार कोपऱ्यांना ड्रिल, मग मधलं कटिंग, शेवटी ग्राइंडिंग. गॅस कटरची रेघ कोपऱ्यापुढे सरकली की तिथूनच तडा सुरू होऊ शकतो.

कॉलमची गोष्ट वेगळी. तिथे अक्षीय दाब मोठा, त्यामुळे गेलेलं क्षेत्रफळ आणि टीच्या मोकळ्या कडेचं बकलिंग आधी बघा. मजबुतीसाठी एकाच बाजूला प्लेट लावली तर सेंट्रॉइड, म्हणजे छेदाचा भारमध्य, सरकतो आणि नसलेला मोमेंट आपणच तयार करतो. शिवाय उभ्या इमारतीत आधीचा भार जुन्या पोलादातच असतो. जॅक लावून तो उतरवला नाही, तर नवी प्लेट सुरुवातीला फक्त नंतर येणाऱ्या भारातला वाटा घेते. वेल्डिंगच्या उष्णतेने कॉलम तेवढ्यापुरता कमजोर होतो तो निराळाच, त्यामुळे टेकू आधी, वेल्डर नंतर.