पाणलोटाच्या कामाचं मोजमाप करताय? या चुका टाळा

पाणलोटाची कामं, म्हणजे पावसाचं पाणी शिवारात अडवून जमिनीत मुरवण्याची कामं, झालेल्या गावांचे मूल्यमापन अहवाल तपासायला माझ्याकडे येतात. बहुतेकांत सुरुवातीलाच एक तक्ता असतो: सलग समतल चर इतके हेक्टर, दगडी बांध इतके, सिमेंट नाला बांध इतके, गाळ काढला इतके घनमीटर. त्याखाली ‘भूजल पातळीत लक्षणीय वाढ’ असं एक वाक्य. आधार काय म्हणून विचारलं, की तुडुंब भरलेल्या बंधाऱ्याचा फोटो पुढे येतो. केंद्राच्या २००८ च्या समान मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रकल्पाच्या खर्चातला १ टक्का देखरेखीला आणि १ टक्का मूल्यमापनाला ठेवलेला होता. रक्कम थोडीच आहे, हे मान्य. पण खालच्या बहुतेक चुका टाळायला पैसा लागत नाही. एक टेप, एक वही आणि तेच काम पुन्हा पुन्हा त्याच पद्धतीने करायची चिकाटी एवढं पुरतं.

लाईट कधीची होती हे न विचारता विहीर मोजणं

ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त टोचते.

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या पठारावरचं एक गाव. संस्थेचा कार्यकर्ता प्रामाणिक होता, दर आठवड्याला ठरलेल्या विहिरींवर जाऊन पातळी लिहायचा. वर्षभराच्या नोंदींचा आलेख काढला तर रेषा एकसारखी वर-खाली. एका आठवड्यात पाणी चार-पाच फूट वर, पुढच्यात पुन्हा खाली. वरिष्ठांनी त्यावर लांबलचक विश्लेषण लिहिलं. वरच्या बाजूला झालेल्या चरांमुळे पुनर्भरणाचा वेग वाढला आहे आणि विहिरी लवकर भरून येतात, असा त्याचा सूर. आलेख मोठा छापून ग्रामसभेत लावला. मागे बसलेले एक वयस्कर शेतकरी उठून जवळ आले, रेषेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “साहेब, ह्यो पाण्याचा आलेख न्हाई, लायटीचा हाय. हितं खाली गेलंय ना, तवा आमाला रातची लाईट व्हती.”

फीडरचं, म्हणजे गावाला वीज देणाऱ्या वाहिनीचं, वेळापत्रक आणून शेजारी ठेवलं तेव्हा त्यांचं म्हणणं तंतोतंत जुळलं. शेतीची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री अशी पाळीने मिळते. रात्रपाळीत मोटारी पहाटेपर्यंत चालतात आणि सकाळी नऊला विहीर उपसलेली सापडते. दिवसपाळी असेल तर रात्रभर झरे पाझरून विहीर सकाळी भरलेली असते. कार्यकर्ता इतके महिने मोटारीचे तास मोजत होता. त्या आलेखातले सोयीचे दोन बिंदू उचलून ‘पाच फूट वाढ’ म्हणणारा अहवाल तोवर वर गेलाही होता.

म्हणून माझी सवय अशी. मोजायला जायच्या आदल्या दिवशी विहीरमालकाला फोन करायचा आणि उद्या मोजणी होईपर्यंत मोटार लावू नका, असं सांगायचं. तरी लावली असेल तर ‘उपसा सुरू’ एवढं लिहून यायचं, आकडा लिहायचा नाही. कोऱ्या रकान्यापेक्षा चुकीचा आकडा जास्त नुकसान करतो, कारण पुढे त्यावर कोणी संशय घेत नाही.

मोज कुठून घेतली, हेही तितकंच महत्त्वाचं. कठड्यावरून घेतली आणि पुढच्या वर्षी मालकाने कठडा दोन थर वाढवला, तर पाणी न हलता दोन थर खाली जातं. जमिनीलगतच्या पक्क्या दगडावर ऑइलपेंटने लाल खूण करा आणि मोज कायम तिथूनच घ्या. विहिरीचं खोलीकरण किंवा आडवं बोअर झालं का, हे दर वेळी विचारा. दोरीने मोजू नका, ओली-सुकी झाली की तिची लांबी बदलते. महिनेही मनाने ठरवू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. निदान त्या चार महिन्यांत मोजलंत, तर तुमच्या गावाचे आकडे तालुक्याच्या आकड्यांशेजारी मांडता येतात.

विहिरी निवडताना बंधाऱ्याखालची पहिलीच विहीर घेऊ नका, तिला फायदा होणारच. माथ्याची, मधली आणि पायथ्याची अशा वेगवेगळ्या घ्या. शेजारच्या गावातल्या, तसाच खडक असलेल्या पण काम न झालेल्या शिवारातल्याही काही घ्या. या शेवटच्या विहिरी नवी मुलं हमखास वगळतात. “तिथे आपलं काम कुठे आहे?” असं विचारतात. काम नाही म्हणूनच त्या हव्यात.

दुष्काळाच्या वर्षाशेजारी सुकाळाचं वर्ष ठेवणं

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मराठवाड्यात धो धो पाऊस झाला. मग २०१५ च्या ऑक्टोबरची पातळी एका बाजूला, २०१६ ची दुसऱ्या बाजूला ठेवून गावंच्या गावं ‘दुष्काळमुक्त’ म्हणून जाहीर झाली. २०१८ ला पाऊस पुन्हा दडी मारून बसला आणि २०१९ च्या उन्हाळ्यात त्यांतल्या अनेक गावांत टँकर सुरू होते. बांध खोटे नव्हते, मोजदाद चुकीची होती. पावसाने भरलेल्या विहिरींचं श्रेय बांधांना दिलं गेलं होतं. याचा राग मला यासाठी येतो, की पुढे टँकर दिसला की लोकांचा बांधांवरचाच विश्वास उडतो आणि श्रमदानाला पुन्हा कोणी येत नाही.

ऑक्टोबरच्या प्रत्येक नोंदीशेजारी त्या वर्षीचा जून ते सप्टेंबरचा पाऊस लिहा आणि कमी पावसाच्या वर्षाची तुलना कमी पावसाच्याच वर्षाशी करा. पाच वर्षांच्या नोंदी नसतील तर निष्कर्ष काढायची घाई नको. “मॅडम, प्रकल्प तर तीनच वर्षांचा आहे” हे उत्तर मला नेहमी मिळतं. मग अहवालात तसंच लिहा, की तीन वर्षांत एवढंच दिसलं.

पाऊस गावात मोजा. महसूल मंडळाचं पाऊस मोजायचं केंद्र काही किलोमीटरवर असतं आणि वळवाचा पाऊस एक शिवार सोडून दुसऱ्यात पडतो. साधं पर्जन्यमापक घ्या. झाडा-घरांपासून ते त्यांच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब बसवा. रोज सकाळी साडेआठला वाचा, हवामान खात्याची वेळ तीच आहे. शाळेत ठेवलंत तर मुलं आनंदाने मोजतात, पण सुट्टीच्या दिवसांची जबाबदारी कोणाची हे आधी ठरवा.

साठवण क्षमता लिहिली की पाणी आलं असं समजणं

‘निर्माण झालेला पाणीसाठा अमुक टीसीएम’ (टीसीएम म्हणजे हजार घनमीटर) हा आकडा अहवालात सर्वांत ठळक असतो. तो येतो बांधकामाच्या मोजमाप पुस्तिकेतून. बंधारा किती वेळा भरला, किती दिवसांत आटला आणि आटलं ते पाणी मुरलं की उडालं, हे त्यात नसतं. बंधाऱ्याच्या भिंतीवर फूटपट्टीसारख्या खुणा रंगवा आणि पाऊस थांबल्यावर रोज एक वाचन घ्या. पातळी उतरण्याचा वेग पहिल्या वर्षी चांगला आणि तिसऱ्या वर्षी मंद दिसला, तर तळाशी गाळ बसला असण्याची शक्यता मोठी.

एक हिशेब प्रत्येक नवशिक्याकडून मी कागदावर करून घेते. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, १०,००० लिटर पाणी. आपल्या काळ्या पाषाणात, म्हणजे झिजलेल्या बेसॉल्टमध्ये, पाणी धरून सोडायची ताकद फार थोडी, खडकाच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्के. २ टक्के धरा. १०० हेक्टर शिवारातल्या विहिरींची पातळी १ मीटरने वाढली, तर जमिनीत नवं पाणी आलं फक्त २०,००० घनमीटर, म्हणजे २० टीसीएम. पाटाने भिजवलेल्या उसाला एका हेक्टरला वर्षाला साधारण १८ ते २५ हजार घनमीटर लागतं. शंभर हेक्टरांवरची सगळी कमाई एका हेक्टर उसात जाते. हा हिशेब स्वतः केलेला माणूस ‘पातळी वाढली’ एवढ्यावर थांबत नाही, पीक काय घेतलं हेही विचारतो. आणि ते विचारायलाच हवं. पाणी वाढलं, त्याबरोबर बोअर वाढले, ऊस आणि डाळिंब वाढलं आणि मे महिन्यात हापसा पुन्हा कोरडा, हे मी ज्या गावांत पाहिलं तिथले बांध आजही शाबूत आहेत.

प्लॅस्टिक अस्तराचं शेततळं साठ्यात धरू नका. ते पुष्कळदा विहिरीतून किंवा बोअरमधून उपसून भरलेलं असतं. जमिनीतलं पाणी वर काढून उन्हात ठेवलं, त्यात वाढ कसली? ते उपशाच्या रकान्यात लिहा.

काही चुकांना एकेक ओळ पुरे:

टँकर बंद झाला म्हणजे पाणलोट यशस्वी, असं लिहू नका; मधल्या काळात नळयोजना आली का ते आधी पाहा.

उपग्रहाच्या चित्रात हिरवं वाढलेलं दिसलं, तर ते ज्वारी आहे की ऊस हे शिवारात जाऊन बघा.

नाल्याचं खोलीकरण मुरमाखालच्या घट्ट खडकापर्यंत गेलं असेल, तर ‘पुनर्भरण’ शब्द वापरण्याआधी भूजलतज्ज्ञाला विचारा.

चर मोजताना लांबीबरोबर आजची खोलीही मोजा, दोन पावसाळ्यांत ते निम्मे बुजलेले असतात.

सरपंचाच्या ओसरीवर बसून गावाचं मत लिहिणं

चहा होतो, पाणलोट समितीचे अध्यक्ष येतात, शिवारफेरी रस्त्यालगतच्या दोन बंधाऱ्यांपर्यंत होते आणि प्रश्नावली भरून निघते. या वाटेने गेलात तर फायदा झालेलेच भेटतात. नाल्याकाठची जमीन ज्यांची, त्यांच्या विहिरींना पाणी आलेलं असतं.

मी आधी हापशावर जाते. “पाणी वाढलं का?” असं विचारत नाही, त्याला सगळेच हो म्हणतात. “गेल्या मे महिन्यात कितव्या आठवड्यापर्यंत या विहिरीचं पाणी शेंदलं? नंतर कुठून आणलं? किती खेपा?” असं विचारलं की बायका नेमकं सांगतात, कारण त्या खेपा त्यांच्या डोक्यावरून झालेल्या असतात. त्यानंतर शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांकडे. माथ्यावर चराईबंदी झाली तेव्हा गवत वाढलं हे खरं, पण भूमिहीनांच्या शेळ्या त्या वर्षी कुठे चरल्या? कापून आणायच्या गवतात त्यांना वाटा मिळाला का? की शेळ्या विकल्या? ही नोंद नसलेला अहवाल मी परत पाठवते.

प्रकल्पाबरोबर वही बंद करणं

संस्था निघून जाते, टेप आणि रजिस्टर तालुक्याच्या कार्यालयात जातं. पाच वर्षांनी दुसरं कोणी येतं आणि पहिल्यापासून मोजायला लागतं.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात पावसाळा संपला की पाऊस आणि विहिरींच्या पातळीवरून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावर रब्बीची पिकं ठरतात. तिथली नोंद टिकली, कारण तिच्यावाचून पेरणीचं ठरत नाही. तुमच्या गावात निदान एवढं करा: प्रकल्प संपायच्या एक वर्ष आधीपासून मोजणी गावातल्या दोघांच्या हाती द्या, त्यांतली एक बाई असू द्या आणि तुम्ही फक्त सोबत जा. वही ग्रामपंचायतीत ठेवा, तिची प्रत शाळेत. पाणलोट विकास निधीत लोकवर्गणी जमलेली असते, तिच्यातून मोजणाऱ्यांचं मानधन ठरावाने मंजूर करून घ्या. ऑक्टोबरची मोजणी ज्वारी-हरभऱ्याची पेरणी आटोपण्याआधी चावडीच्या फळ्यावर लागली पाहिजे. मागच्या वर्षीची पातळी, या वर्षीची पातळी, दोन्ही वर्षांचा पाऊस आणि पिण्यासाठी राखून ठेवायचं पाणी, हे चार आकडे मोठ्या अक्षरांत.