बीपीची गोळी सुरू झाली म्हणून दूध सोडू नका

"ही कॅल्शियम अडवणारी गोळी ना? मग मी दूध आणि नाचणी दोन्ही बंद केलंय." अॅम्लोडिपिन घेणाऱ्या साठीच्या काकू औषधाच्या दुकानात असं सांगतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. त्यांच्या हाडांना त्याच दुधाची गरज असते.

गोळी अडवते ते वेगळंच. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायूपेशींचा थर असतो. या पेशींच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतं. आवरणातली दारं उघडली की ते आत शिरतं आणि कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटतं. ही जोडी एका विकराला (एन्झाइमला) जागं करते, विकर मायोसिन या स्नायूतल्या प्रथिनाला कामाला लावतं आणि स्नायू आवळतो. वाहिनी अरुंद होते, दाब चढतो. अॅम्लोडिपिन फक्त ती दारं अडवतं. रक्तातलं कॅल्शियम सांभाळायला गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. दूध प्यायल्याने गोळीचा गुणही कमी होत नाही.

दोन दिवसांत आकडा उतरला नाही म्हणून स्वतःच डोस दुप्पट करू नका. हे औषध शरीरात सावकाश साठतं. पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर तरी लागतो.

या गोळीने पायांना येणाऱ्या सुजेबाबत तर हमखास गफलत होते. संध्याकाळी मोज्याच्या रबराचा वळ घोट्यावर उमटतो, अंगठा दाबला की खळगा राहतो. मग शेजारच्यांकडून लघवीची गोळी आणली जाते. पण इथे बारीक धमन्या सैलावतात आणि शिरा तेवढ्या सैलावत नाहीत. त्यामुळे केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, म्हणून लघवीच्या गोळीने ही सूज फारशी हटत नाही. डॉक्टर डोस कमी करतात किंवा जोडीला दुसरं औषध देतात. सूज एकाच पायाला असेल किंवा सोबत धाप लागत असेल, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

आणि घरी वरचा आकडा 180 दिसला म्हणून निफेडिपिन या याच गटातल्या औषधाची कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवू नका. पूर्वी दवाखान्यांतही हे सर्रास चालायचं. वाहिन्या एकदम सैल पडून दाब कोसळतो आणि मेंदूचा, हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. शांत बसा, पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. छातीत दुखत असेल, बोलताना जीभ अडखळत असेल किंवा एक हात लुळा वाटत असेल, तर पुन्हा मोजण्यातही वेळ घालवू नका, थेट रुग्णालय गाठा.