सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरची झीज: काय मोजावे, काय बदलावे आणि कशाला हात लावू नये

कोल्ट कंपनीने १८७३ साली बाजारात आणलेल्या ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ रिव्हॉल्व्हरची, म्हणजे प्रत्येक गोळीआधी घोडा हाताने चढवावा लागणाऱ्या रिव्हॉल्व्हरची, रचना आजही जवळजवळ तशीच टिकून आहे. तिच्या इटालियन प्रती अमेरिकेतील काउबॉय पद्धतीच्या नेमबाजी स्पर्धांत वर्षानुवर्षे वापरल्या जातात, आणि अशा वापरात झीज होणारच. प्रश्न असतो तो कोणती झीज नुसती पाहत राहावी आणि कोणती दिसताच शस्त्र बाजूला ठेवावे, हे ओळखण्याचा. घर्षणाने होणारी झीज, तप्त वायूने होणारे क्षरण आणि ओलाव्याने येणारा गंज या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीचा उपाय दुसरीवर केला की चांगली रिव्हॉल्व्हर कायमची बिघडते.

कोणतीही तपासणी करण्यापूर्वी लोडिंग गेट म्हणजे काडतुसे भरण्याची बाजूची झडप उघडून, घोडा अर्ध्या खाचेवर (अर्धा चढून अडकतो त्या जागी) आणून, सिलिंडर या फिरत्या नळकांड्यातली काडतुसांची सहाही घरे एकेक करून डोळ्यांनी पाहावीत व बोटाने चाचपावीत, आणि काडतुसे त्या खोलीतच ठेवू नयेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. भारतात शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. त्यामुळे पुढे जिथे सुटा भाग बदलण्याचा विषय येईल, तिथे काम परवानाधारक शस्त्रकारागिराकडेच द्यावे.

तपासणीची सुरुवात कानाने करावी. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा घोडा अगदी सावकाश चढवला तर कोल्टच्या रचनेत चार टकटक ऐकू येतात: पहिली सुरक्षा-खाचेची, दुसरी अर्ध्या खाचेची, तिसरी खालून येणारी खीळ सिलिंडरवर टेकल्याची आणि चौथी पूर्ण खाचेची. अमेरिकन कारागीर या खिळीला बोल्ट म्हणतात. ती सिलिंडरच्या खाचेत बसून सिलिंडर जागच्या जागी धरते, तर ‘हँड’ नावाची छोटी पट्टी मागच्या दात्यांना ढकलून सिलिंडर फिरवते. आता सिलिंडरला बोटाने हलकासा अडथळा करून घोडा पुन्हा सावकाश चढवावा. घोडा पूर्ण चढूनही खीळ खाचेत बसली नाही, तर हँडची लांबी झिजून कमी झाली आहे असे समजावे. ही परीक्षा सहाही घरांवर घ्यावी, कारण दाते सारखे झिजत नाहीत आणि पाच घरे नीट असूनही सहावे चुकू शकते. ते चुकले की गोळी नळीच्या तोंडाशी तिरकी आदळते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते लागतात, म्हणून ही खूण दिसताच गोळीबार थांबवावा. त्यावर उपाय म्हणजे नवा, किंचित मोठा हँड घेऊन तो मापाने बसवून घेणे.

सिलिंडरभोवती उमटणारी गोल रेघ बहुधा मालकाच्या सवयीने आलेली असते. घोडा अर्ध्या खाचेवरून परत खाली सोडला तर खीळ खाचेत न पडता दोन खाचांच्या मध्ये टेकते आणि पुढच्या वेळी सिलिंडर फिरताना घासत जाते. म्हणून अर्ध्या खाचेवर आलेला घोडा आधी पूर्ण चढवावा आणि मगच चाप ओढून, अंगठ्याने धरून खाली उतरवावा. ही रेघ निव्वळ दिसण्याची बाब आहे. खाचेची कड ठोकल्यासारखी पसरली असेल, बोटाला तिथे उचललेला पातळ काठ लागत असेल, तर मात्र ती खरी झीज आहे. घोडा तळहाताने झपाट्याने मारत राहणे हे तिचे नेहमीचे कारण असते. अशा वेळी खाच कानशीने साफ करण्याचा मोह आवरावा. सिलिंडर महाग आणि खीळ स्वस्त असते, म्हणून खाचेच्या मापाची नवी खीळ बसवून घेणेच योग्य.

यानंतर फीलर गेज, म्हणजे फट मोजण्याच्या ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या, हाती घ्यावे. घोडा खाली असताना सिलिंडर मागे दाबून त्याच्या व नळीच्या मधली फट मोजावी, मग सिलिंडर पुढे दाबून तीच फट पुन्हा मोजावी. दोन मापांतील फरक म्हणजे सिलिंडरची पुढेमागे होणारी हालचाल. माझ्याजवळच्या .४५ कोल्ट काडतुसाच्या प्रतीत पहिले माप ०.२० मिलिमीटर आणि दुसरे ०.१५ आले, म्हणजे हालचाल ०.०५ मिलिमीटर, आणि त्यात काळजीचे काही नाही. साधारणपणे ०.१० ते ०.२० मिलिमीटर फट चांगली मानली जाते. ती ०.२५ च्या पुढे गेली किंवा हालचाल ०.१० च्या आसपास पोहोचली, तर कारागिराला दाखवावे. हालचाल वाढली असेल तर आधी सिलिंडरचा मधला दांडा आणि त्यावरचे बुशिंग (दांड्याभोवतीची सुटी नळी) पाहावे, कारण हे दोन्ही भाग सहज बदलता येतात. सगळी मापे तारखेसह वहीत लिहून ठेवावीत. एकटे माप फारसे काही सांगत नाही, पण सहा महिन्यांनी घेतलेले दुसरे माप शेजारी आले की झीज किती वेगाने वाढते आहे ते कळते.

त्या फटीच्या अगदी वर, चौकटीच्या वरच्या पट्टीच्या आतल्या अंगाला, वायूने कोरलेली एक बारीक आडवी रेघ दिसते. ती पाहून नवे मालक घाबरतात. .४५ कोल्टच्या काडतुसात दाब प्रति चौरस इंच सुमारे १४,००० पौंडांपर्यंत जातो, .३५७ मॅग्नममध्ये ३५,००० पौंडांपर्यंत. फटीतून निसटणारा वायू आणि त्यासोबतचे दारूचे न जळलेले कण पोलादावर वाळूच्या माऱ्यासारखे आदळतात, त्यामुळे मॅग्नम काडतुसांत ही रेघ लवकर दिसू लागते. परंतु ती जसजशी खोल होते तसतसा तिथवर पोहोचणारा वायू पसरून थंड झालेला असतो, म्हणून सुरुवातीला झपाट्याने वाढलेली रेघ बहुधा पुढे थबकते. ती वेल्डिंगने भरू नये, कारण त्या उष्णतेने पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि निरुपद्रवी खुणेच्या जागी दुबळी चौकट हाती येते. तिथली काजळी पुसावी, खोली पाहावी आणि वहीत नोंद करावी.

नळीच्या मागच्या शंकूसारख्या तोंडाचे क्षरण याहून महत्त्वाचे आहे. विजेरी धरून पाहिल्यास तिथला पृष्ठभाग उन्हात तडकलेल्या चिखलासारखा दिसू लागतो. नुसता खडबडीतपणा असेल तर शिसे लवकर साचते आणि पितळी ब्रशने ते वरचेवर काढावे लागते. कडेपर्यंत गेलेली स्पष्ट चीर दिसली तर मात्र त्या नळीतून पुन्हा गोळी झाडू नये. साफसफाईतही एक झीज लपलेली आहे. या रिव्हॉल्व्हरची नळी मागून साफ करता येत नाही, सळई पुढूनच घालावी लागते, आणि पोलादी सळई कडेला घासत राहिली तर नळीचे तोंड झिजून नेम बिघडतो. तोंडाशी मार्गदर्शक टोपी लावावी आणि सिलिंडर आधी काढून ठेवावा.

काळी दारू वापरणाऱ्यांनी त्याच दिवशी गरम साबणपाण्याने धुणे चुकवू नये. तिचा अवशेष हवेतला ओलावा ओढतो, आणि काडतुसाच्या बुडाशी दारू पेटवणाऱ्या, जुन्या पद्धतीच्या क्षारयुक्त टोप्यांचे मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळते. धुऊन पूर्ण वाळवल्यावरच तेलाचा पातळ हात द्यावा. जुनी अस्सल कोल्ट हाती आली तर तिचे वय आधी ठरवावे. मधला दांडा स्प्रिंगच्या खटक्याने धरलेला दिसला म्हणजे ती धूररहित दारूला चालते, असा समज आढळतो. तो खटका १८९० च्या दशकात आला, तर कंपनीने धूररहित दारूसाठी हमी दिली ती १९०० पासून.

शेवटची परीक्षा सर्वांत गंभीर आहे. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा घोडा पूर्ण चढवून, चापाला स्पर्श न करता, अंगठ्याने घोड्याला मागून पुढे हलका दाब द्यावा. घोडा सुटला तर पूर्ण खाच किंवा चापाचे टोक झिजले आहे, आणि ती रिव्हॉल्व्हर त्या क्षणापासून वापरातून काढावी. या दोन्ही कडांचा कडकपणा अनेकदा वरच्या पातळ थरापुरताच असतो. चाप हलका करण्याच्या हौसेने तिथे कानस फिरवली की तो थर निघून जातो आणि आतले मऊ पोलाद थोड्याच वापरात गोल होते. घोडा आणि चाप दोन्ही बदलून, एकमेकांना जुळवून घेणे हाच मार्ग. पहिली, सुरक्षा-खाच तर नवी असतानाही नाजूकच असते आणि रिव्हॉल्व्हर खाली पडल्यास तुटू शकते. म्हणून चाप ओढल्याशिवाय घोड्याचा आघात काडतुसापर्यंत पोहोचू न देणाऱ्या सुरक्षापट्टीची सोय नसलेल्या जुन्या रचनेत पाचच काडतुसे भरावीत आणि घोडा सहाव्या, रिकाम्या घरावर ठेवावा.